पात्यात काय दिसतंय ते आधी बघा

घडीचा चाकू उघडून खिडकीपाशी टेबलावर ठेवला आणि फोन बरोबर वर धरून फोटो काढला. लाल मूठ छान आली, खालच्या लाकडाच्या रेषा आल्या, पातं मात्र काळंठिक्कर. फ्लॅश लावून दुसरा काढला, तर पात्यावर एक पांढरा ठिपका आणि बाकी पातं पुन्हा काळंच. ट्यूबलाइट लावली, फोन जवळ नेला, तरी फरक नाही. नव्याने चाकूचे फोटो काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं इथेच अडतं, कारण उजेड कमी पडतोय असं वाटत राहतं. उजेड पुरेसा असतो. पॉलिश केलेलं पातं हा आरसा आहे आणि त्या आरशात फोनची काळी पाठ दिसतेय.

शाळेतला नियमच इथे लागतो : किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून फोन हातात घ्यायच्या आधी, लेन्स जिथे असणार तिथे आपला एक डोळा न्यायचा, दुसरा मिटायचा आणि पात्यात बघायचं. छताचा पंखा दिसेल, आपला शर्ट दिसेल, खिडकीचे गज दिसतील. फोटोत पात्याला तोच रंग येणार. समोर पांढरं आणलं की पातं चांदीसारखं उजळतं, काळं आणलं की काळवंडतं. चाकूवर उजेड किती पडतो हा प्रश्न मुठीपुरता आणि खालच्या फळीपुरता. पात्याच्या बाबतीत एवढंच विचारायचं, की त्याला समोर काय दिसतंय आणि त्या वस्तूवर उजेड आहे का.

या खटाटोपासाठी मी दोन चाकू घेतले आणि दोन्ही मुद्दाम निवडले. एक व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब, लाल गुळगुळीत मूठ, चकचकीत पातं. दुसरा ओपिनेलचा आठ नंबर, ८.५ सेंटिमीटरचं, लवकर डाग आणि गंज धरणाऱ्या कार्बन स्टीलचं पातं, बीच लाकडाची गोलसर मूठ आणि पातं पक्कं करणारं फिरतं कडं. पहिल्यात आरशाची अडचण, दुसऱ्यात गोलाईची आणि डागांची. या दोन अडचणी सुटल्या की बाकी बहुतेक चाकू जमतात. सामान नागपुरात बर्डीतल्या स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं : दोन पांढऱ्या कार्डशीट, एक काळी, दोन मोठे ट्रेसिंग पेपर, थर्माकोलची एक शीट, कागद धरायला चिमटे. काड्यापेटी आणि खोडरबर घरात असतंच. फोनसाठी स्टँड मात्र घ्यावा, तो नसेल तर पुढचं बरंचसं साधत नाही.

पातं लेन्सला अगदी समांतर असेल तर त्यात लेन्सच दिसणार. म्हणून चाकू किंचित कलवायचा. मुठीखाली, पाठीच्या बाजूने, एक काडी आडवी सरकवली. काडी साधारण २ मिलिमीटर जाड आणि मूठ २५ मिलिमीटर रुंद धरली तर चाकू साडेचार अंशांनी कलतो. आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं, म्हणजे नऊ अंश. फोन ५० सेंटिमीटर वर असेल तर पात्याला आता लेन्सपासून ८ सेंटिमीटर बाजूची जागा दिसते. एवढ्यात फोन जेमतेम चित्राबाहेर जातो, पण स्टँडचा हात मध्ये येतो. दोन काड्या एकावर एक ठेवल्या की तीच जागा १६ सेंटिमीटरवर जाते आणि तिथे पांढरं कार्ड निवांत धरता येतं. फोनची लेन्स एका कोपऱ्यात असते, तो कोपरा कार्डाच्या बाजूला यावा असा फोन फिरवायचा. नऊ अंशांचा हा कल फोटोत जाणवत नाही आणि पात्याची धार व पाठ दोन्ही फोकसमध्ये राहतात. ओपिनेलची मूठ गोल असल्याने काडीवरून घरंगळते, तिथे खोडरबराचा पाचरीसारखा कापलेला तुकडा लावावा. मुलांची खेळायची माती किंवा भिजवलेली कणीक लावू नये. मातीचं तेल लाकडाला लागतं, कणकेचं पाणी पात्याला.

कार्ड धरलं आणि पातं लख्ख पांढरं झालं, की आनंद होतो. पण तो फोटो दोन मिनिटांनी पुन्हा बघावा. पातं कागद कापून चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. पोलाद वाटण्यासाठी उजळपणा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरत जायला हवा. त्यासाठी कार्ड खिडकीकडे तोंड करून सरळ धरण्याऐवजी तिरपं धरायचं, म्हणजे खिडकीजवळचा त्याचा भाग उजळ आणि लांबचा करडा राहतो, आणि पात्यात तोच उतार उतरतो. मग काळ्या कार्डशीटची २ सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची आणि पांढऱ्या कार्डाच्या कडेला लावून हळूहळू आत सरकवायची. स्क्रीनवर बघत राहिलं की एका क्षणी पात्याच्या पाठीलगत एक बारीक गडद रेघ उमटते. त्या रेघेने पातं पार्श्वभूमीतून सुटून वर येतं. पट्टी अर्धा सेंटिमीटर जास्त सरकली तर रेघ जाड होऊन पातं घाणेरडं दिसतं, म्हणून घाई करू नये. माझा निम्मा वेळ या एका पट्टीत जातो आणि तो वाया गेला असं कधी वाटत नाही.

धारेचा भाग वेगळाच आहे. पात्याची बाजू एका कोनात आणि धारेची अर्धा-एक मिलिमीटरची पट्टी दुसऱ्या कोनात घासलेली असते, त्यामुळे दोघींना दोन वेगळ्या जागा दिसतात. बाजू उजळली तरी धार काळी राहू शकते, किंवा उलट. धारेला उजेड द्यायचा तर दुसरं लहान कार्ड, पोस्टकार्डाएवढं, टेबलालगत खाली धरून फिरवायचं. ते योग्य जागी आलं की टोकापासून मुठीपर्यंत एक लखलखीत तार चमकते. तार मध्येच तुटलेली दिसली तर ती फोटोची चूक नसते. त्या जागी धार बोथट झालेली किंवा पैलू पडलेला असतो. असा फोटो धार लावणाऱ्यालाही उपयोगी पडतो.

सगळी पाती आरशासारखी नसतात. बऱ्याच पात्यांवर घासणीच्या फिरत्या पट्ट्यावर घासल्याच्या बारीक उभ्या रेषा असतात, पाठीकडून धारेकडे जाणाऱ्या. अशा पात्यावर उजेड रेषांना आडवा, म्हणजे टोकाच्या किंवा मुठीच्या बाजूने आला तर प्रत्येक रेष उठून दिसते. तोच पाठीच्या बाजूने आला तर रेषा दबतात आणि पातं मऊ दिसतं. घासणीची सफाई दाखवायची असेल तर पहिली बाजू. वापरून ओरखडे पडलेला चाकू असेल तर ओरखडे नेमके कोणत्या दिशेचे आहेत ते बघून ठरवायचं. खोटं लपवण्यापेक्षा मला वापराच्या खुणा दिसलेल्या आवडतात, पण धुळीची रेघ आणि ओरखडा यात फरक कळलाच पाहिजे.

आता खिडकी. उत्तरेची खिडकी घ्या, तिथे थेट ऊन येत नाही, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो दूर उत्तरेकडच्या देशांतला आहे. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत इथे सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. २६ मेच्या सुमारास भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. याउलट डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीत दुपारी साधारण ४५ अंशांवरून ऊन येतं. त्या खिडकीला बाहेरून नव्हे, आतून ट्रेसिंग पेपर ताणून लावला की संपूर्ण खिडकीच एक मोठा पांढरा दिवा होते. वर्षभरात चाकूसाठी याहून चांगला उजेड मला मिळालेला नाही. कागद काचेला चिकटवण्याऐवजी काचेपासून १०-१५ सेंटिमीटर आत टांगला तर गजांच्या सावल्या विरघळतात. पावसाळी ढगाळ दिवशी कागदाचीही गरज पडत नाही, फक्त शटर मंद होतं, म्हणजे फोटो टिपायला जास्त वेळ लागतो.

मार्च ते जून या काळात मोठी अडचण अशी की अर्ध्या घरांमध्ये चांगली खिडकी कूलरने अडवलेली असते. उरलेल्या खिडकीत काम करताना कूलर बंद करावा. एक तर त्याने टेबल बारीक थरथरतं आणि शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापेक्षा मंद असेल तर पातं उघडण्यासाठी त्यावर असलेल्या नखाच्या खाचेची कड दुहेरी येते. दुसरं, कूलरची दमट हवा कार्बन स्टीलला सोसत नाही. उघडं पातं तासभर त्या झोतात राहिलं तर तांबूस ठिपके धरू शकतं. आणि उन्हासाठी बाल्कनीला हिरवी जाळी बांधली असेल तर ती आधी लक्षात घ्या. जाळीतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. आपल्या डोळ्यांना त्याची सवय झालेली असते, पातं मात्र तो रंग जसाच्या तसा दाखवतं. फोन रंग आपोआप सुधारायला जातो, तेव्हा लाल मूठ विटकरी होते आणि पातं तरी हिरवट राहतं. जाळी बाजूला सरकवता येत नसेल तर खोली बदला.

घरातले दिवे बंद करावेत. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा असला की पात्याची एक बाजू निळी, दुसरी पिवळी येते आणि नंतर कुठल्याही ॲपमध्ये दोन्ही एकदम दुरुस्त होत नाहीत. रात्रीच काढायचे असतील तर उलट करायचं : खिडकी पडद्याने बंद, एकच एलईडी दिवा, तो ट्रेसिंग पेपरच्या मागे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर वेगवान ठेवलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला की ते जातात.

सफाई कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय सगळं व्यर्थ. डोळ्याला न दिसणारा बोटाचा ठसा फोटोत ढगासारखा दिसतो. पातं स्पिरिटने, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. कापड चष्म्याचं, आणि पुसताना हात नेहमी पाठीकडून धारेकडे जाऊन बाहेर निघावा. धारेवरून लांबीच्या दिशेने बोट फिरवायचं नाही. नखाच्या खाचेत आणि पातं जिथे मुठीत शिरतं तिथे कापसाची काडी, आणि तिचे धागे राहिले तर रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नये, वाफ आणि थुंकीचे ठिपके पडतात. लाकडी मुठीला स्पिरिट लावू नका, पॉलिशचा थर पांढुरका पडू शकतो. तिला कोरडं मऊ कापड पुरे. पात्याला तेल लावलेलं असेल तर ते फोटोआधी पूर्ण निघायला हवं, नाहीतर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. यानंतर चाकू फक्त मुठीने उचलायचा, आणि पंखा बंद. पंख्याखाली पुसलेल्या चाकूवर तंतू आणि धूळ पुन्हा येऊन बसते.

फोनने काढताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे जवळ जाणं. ओपिनेल उघडल्यावर १९ सेंटिमीटरच्या आसपास लांब होतो. टोकापासून १० सेंटिमीटरवर फोन तिरपा धरला तर मुठीचं बूड २५ सेंटिमीटरपेक्षाही लांब राहतं, आणि टोकाकडची बाजू अडीचपट मोठी येते. चाकू भाल्यासारखा दिसतो. शिवाय बरेच फोन जवळ गेल्यावर आपोआप रुंद कोनाच्या लेन्सवर जातात, तिथे कडा वाकतात. ५० ते ६० सेंटिमीटर दूर राहून २ एक्स किंवा ३ एक्स झूम वापरावा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा. त्यातला धूसरपणा फोनने गणित करून बनवलेला असतो, आणि पात्याचं निमुळतं टोक त्याला बऱ्याचदा पार्श्वभूमीच वाटतं, म्हणून टोक पुसलं जातं.

फोकस पात्यावरच्या छापावर धरायचा. ओपिनेलवर मुकुट आणि हात कोरलेला असतो, स्पार्टनवर पात्याच्या बुडाशी अक्षरं असतात. तिथे बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतं. मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, हाताने सरकवायचं. पांढऱ्या कार्डशीटवर ठेवलेला चाकू फोन करडा करून टाकतो, कारण समोरचं सगळं मध्यम उजळ आहे असं धरून तो मोजतो. तिथे अर्धा ते एक स्टॉप वाढवायचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काळ्या कापडावर तेवढाच कमी करायचा. पात्यावरची सगळ्यात उजळ जागा पूर्ण पांढरी होऊ देऊ नका. एकदा जळलेला पांढरा भाग परत येत नाही, अंधारातलं थोडंफार वर आणता येतं. बटण बोटाने न दाबता टायमर लावायचा. कॅमेरा असेल तर आयएसओ १००, एफ ८ ते एफ ११, किट लेन्स ५५ मिलिमीटरवर आणि ट्रायपॉड. एफ १६ च्या पुढे गेलं की सगळं फोकसमध्ये येतं खरं, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने, अक्षरांच्या कडा मऊ पडतात.

मुठीसाठी कॅमेऱ्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, फिरवून बघण्यासारखा आहे. लाल प्लॅस्टिकवरची किंवा वार्निशवरची पांढरी चकाकी त्याने चांगली कमी होते. पात्यावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही, धातूवरून परतणारा उजेड त्याला जुमानत नाही. त्यामुळे पात्यासाठी फिल्टर विकत घ्यायला जाऊ नका, कार्डशीटच त्याचा इलाज आहे. ओपिनेलचं कडं गोल आहे आणि गोल आरशात अख्खी खोली मावते. त्याला कल देऊन सुटका नाही. दोन्ही बाजूंनी पांढरी कार्डं अगदी जवळ उभी करायची आणि मध्ये बोटभर फट ठेवायची. कड्यावर दोन उजळ पट्टे आणि मधोमध एक गडद रेघ येते, आणि ते गोल आहे हे लगेच कळतं.

खाली काय ठेवावं याचा फार विचार करू नये. लकडगंजातल्या वखारीतून मिळालेला रंधा न मारलेला सागाचा तुकडा लाल मुठीला शोभतो, फिक्या बीचच्या मुठीला गडद करडं सुती कापड बरं. काच, स्टीलची ताटली किंवा चकचकीत ग्रॅनाइट टाळावं, आरशाखाली आरसा आला की काम दुप्पट. आकार कळावा म्हणून दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवलं तर उत्तम, ते २७ मिलिमीटरचं आहे आणि प्रत्येकाच्या ओळखीचं.

नागपुरात संत्रं शेजारी ठेवायचा मोह होतोच, आणि ते दिसतंही सुंदर. दोन गोष्टी सांभाळायच्या. संत्रं पात्यापासून वीतभर तरी लांब आणि पांढऱ्या कार्डाच्या विरुद्ध बाजूला हवं, नाहीतर पातं नारिंगी होतं. आणि कापलेलं संत्रं दाखवायचं असेल तर ते स्टेनलेस स्टीलच्या दुसऱ्या सुरीने कापून घ्यावं. रसातल्या आम्लाने कार्बन स्टीलवर काही मिनिटांत करडे-निळसर डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. काहींना हे डाग मुद्दाम हवे असतात, पण ते ठरवून यावेत. डाग आलेलं पातं काढताना कार्ड थोडं गडद करावं, लख्ख पांढऱ्यात त्या निळसर छटा हरवतात.

अर्धवट उघडलेला चाकू फोटोत डौलदार दिसतो, पण स्पार्टनला कुलूप नाही, फक्त स्प्रिंग आहे. अर्ध्यावर उभं केलेलं पातं धक्क्याने मिटू शकतं. पातं आधी हव्या कोनात थांबवायचं, मग चाकू मुठीने ठेवायचा, आणि त्यानंतर कार्डं हलवताना बोटं पात्याच्या वाटेत ठेवायची नाहीत. फुटाळ्याच्या काठावर किंवा अंबाझरीला संध्याकाळचा उजेड छान असतो हे खरं, पण गर्दीच्या जागी चाकू उघडून मांडणं टाळावं. लोक घाबरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

नंतरच्या दुरुस्तीत हात आखडता ठेवावा. स्नॅपसीड ॲपमध्ये आधी पांढऱ्या कागदाच्या आधाराने रंग, मग क्रॉप, मग उरलेली धूळ हीलिंगने, शेवटी शार्पनिंग अगदी थोडं. ते जास्त झालं की धारेच्या कडेला पांढरी किनार दिसते आणि घासणीच्या रेषा वाळूसारख्या होतात. हीलिंगने धारेचा खरा दात किंवा गंजाचा ठिपका पुसू नका, विशेषतः चाकू विकायचा असेल तर. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर एवढ्या मेहनतीने आणलेली धारेची तार फोटो दाबताना सगळ्यात आधी जाते.

सामान आवरण्याआधी एक फोटो पूर्ण मोठा करून टोकापासून मुठीपर्यंत सरकवत बघावा. पाठीची गडद रेघ सलग आहे का, छाप वाचता येतो का, नखाच्या खाचेत धागा राहिला आहे का. राहिलाच असेल तर मांडणी अजून जागेवर आहे, पुन्हा काढायला दोन मिनिटं लागतात. कार्डं कुठे होती आणि काड्या किती होत्या त्याचा बाजूने एक साधा फोटो काढून ठेवावा, पुढच्या चाकूला तिथूनच सुरुवात करता येते. मग कार्बन स्टीलच्या पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, कापडाने पातळ पसरवून, आणि चाकू मिटून ठेवायचा.